दुसरा ट्रक

चौकोन मिरीच्या दाण्याहून फार मोठा नव्हता, आणि त्यात बरोबरची खूण करायची तर पेनाचं टोक टेकवून लगेच उचलावं लागणार होतं, नाहीतर खुणेची शेपटी शेजारच्या चौकोनात जाईल — आणि शेजारचा चौकोन म्हणजे अगदीच वेगळा माणूस. गोकुळदासने कागद जनेलातून येणाऱ्या उजेडात धरला. प्रश्न सहावा. तुमच्या गुंतवणुकीचं मूल्य एका महिन्यात वीस टक्क्यांनी घसरलं, तर तुम्ही काय कराल? पहिला चौकोन : सगळे पैसे लगेच काढून घेईन. दुसरा : थोडे काढून घेईन. तिसरा : काहीच करणार नाही, थांबेन. चौथा : आणखी पैसे घालीन.

चौथा वाचून त्याला हसू आलं. घसरत असताना आणखी घालणारा माणूस कुठे असतो... असतो. होता. सोप्यावरच्या ह्याच मेजाशी बसायचा, खाणीवरून आलेला, भुवयांपर्यंत तांबडी धूळ, आणि आंघोळीला जायच्या आधी मोठ्याने सांगायचा की यंदा खनिज जेटीवर न्यायला गाड्या पुरत नाहीत. त्या माणसाचा, म्हणजे तेव्हाच्या स्वतःचाच, आवाज गोकुळदासला अजून ऐकू येई, पण लांबून, शेजारच्या घरात कोणी बोलावं तसा.

मागल्या दारी देवकी फोनवर बोलत होती. गौरवीशीच असणार, मुलीशी बोलताना तिचा आवाज चढतो, सर्वणपासून वेर्ण्यापर्यंतचं अंतर घशानेच कापायचं असल्यासारखा. गेल्या महिन्यात देवकी निवृत्त झाली. बत्तीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. शेवटच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन घरी आली, घड्याळ कुठे लावायचं यावर दोन दिवस गेले, आणि मग निवृत्तीची रक्कम बँकेत जमा झाली. पेन्शन वेगळी. तिच्या मैत्रिणीची मुलगी सिद्धी डिचोलीत म्युच्युअल फंडांचं काम करते. देवकी तिच्याकडे एकदा जाऊन आली ती हा दोन पानी कागद घेऊन. माणसाला किती चढउतार सोसतो ते आधी विचारायचं आणि मग त्याच्या मापाचा फंड शोधायचा, असं काहीतरी. ब्लाउजचं माप घेतात तसं.

"तुमीच भरा हो," काल तिने कागद त्याच्यापुढे ठेवला. "माका असल्या प्रश्नांचो कंटाळो येता."

"पैसे तुझे. मी कित्याक?"

"तुझे-माझे कसले? भरा." आणि केळीचा घड उतरवायला आलाय का ते बघायला ती सुपारी-नारळाच्या कुळागरात निघून गेली.

तेव्हापासून तो कागद त्याच्या शर्टाच्या खिशात होता. पाटाचं पाणी सोडताना, सुपारी वाळत घालताना छातीशी त्याचा कोपरा टोचत होता. तेरा वर्षांत पहिल्यांदा ह्या घरात पैशाबद्दलचा काही निर्णय त्याच्यापुढे आला होता, आणि तोही असा सहज, मिठाची बरणी पुढे सरकवावी तसा. तिला कळलं नसेल? की कळूनच... तो फार विचार करत बसला नाही. त्याला काय करायचं ते ठाऊक होतं. ती तेरा वर्षं ज्या माणसाबरोबर राहिली त्या सुधारलेल्या, शहाण्या झालेल्या माणसाने जे करायला हवं तेच.

त्याने पहिल्या चौकोनात खूण केली. शेपटी आतच राहिली. मग सातव्या प्रश्नालाही पहिला, आठव्यालाही पहिला. आधीचे पाचही तसेच झाले होते. आठही खुणा एका ओळीत, वरून खाली, रोपवाटिकेत रोपं लावावी तशा. बघून त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं — देवळात नवस फेडून पायऱ्या उतरताना वाटतं तसं.

वीस टक्के. एका महिन्यात. हे प्रश्न लिहिणाऱ्या माणसाने कधी काही घसरताना पाहिलं नसावं. दोन हजार बारा सालात खाणी बंद झाल्या तेव्हा घसरलं असं म्हणायला एक दिवसही नव्हता. पावसात त्याचे खनिजाचे दोन ट्रक तसेही उभेच असायचे. ताडपत्री घालून दोन्ही अंगणात उभे केलेले, दुसऱ्याला नवे टायर घातलेले, हंगामासाठी. पाऊस सरला, वाळवणं बाहेर आली, आणि हंगाम सुरूच झाला नाही. आज होईल, दसऱ्यानंतर होईल, दिवाळीनंतर नक्की. दोडामार्गचा सखाराम, दुसऱ्या ट्रकावरचा ड्रायव्हर, रोज सकाळी पहिल्या बसने यायचा आणि ट्रकाच्या पुढच्या बंपरवर बसून राहायचा. त्याला पगार देता येत नव्हता म्हणून देवकी त्याला उंडे-भाजी द्यायची, आणि तो ती खाली बघत खायचा. एक दिवस त्याने चावी ह्याच मेजावर ठेवली. "भाऊ, सुरू झालां की बोलवा." भाऊने कधी बोलावलं नाही. पहिला ट्रक गेला, मग दुसरा गेला, आलेल्या किमतीला, आणि बँकेचं उरलेलं कर्ज देवकीच्या पगारातून फिटत राहिलं, सहा वर्षं. कोणी टोचून बोललं नाही. गोकुळदास वडिलांच्या कुळागरात उतरला, आणि हळूहळू त्याला कळलं की आपल्याला झाडांमध्ये बरं वाटतं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. एवढं सगळं घालवल्यावर वर आनंदातही राहायचं, हे जरा जास्तच झालं असतं.

आणि पाटल्या. दुसऱ्या ट्रकाचे सुरुवातीचे पैसे भरायला तिच्या माहेरच्या पाटल्या गेल्या. ते तर मी डोळ्यांनी पाहिलंय. न्हाणीतलं साबणाचं पाणी, तिचा ओला हात, मनगटाच्या हाडाशी पाटली अडलेली, आणि मी ओढतोय. हळूच, पण ओढतोय. ती काही बोलत नाही. लग्नाकार्यात ती हातात काचेच्या बांगड्या भरून जाते तेव्हा मी तिच्या मनगटांकडे बघत नाही. लोकांना वाटतं हा माणूस बायकांकडे मान वर करून बघत नाही, किती सालस.

"झाला भरून?" देवकी दारात उभी होती. "चला मग. सिद्धी साडेदहाला येते म्हणालीय."

स्कूटर देवकीच चालवायची. ड्युटीच्या सवयीने ती हात घट्ट धरून, थोडी पुढे वाकून बसे, आणि मागे गोकुळदास प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, आधार, पॅन सगळं पोटाशी धरून. जानेवारीतलं ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं. रस्त्याच्या कडेची झाडं हिरवी होती. पूर्वी ह्याच दिवसांत ती तांबडी असायची, पानापानावर खनिजाची धूळ, आणि ट्रकांची रांग इतकी लांब की मधून रस्ता ओलांडायला पोरांना हात धरून न्यावं लागे. आता एखादी पर्यटकांची गाडी, चुकलेली, हरमलचा रस्ता विचारणारी. देवकीने वळणावर हॉर्न दिला. तिच्या पाठीवर मोगऱ्याच्या साबणाचा वास होता. आपण सुखात आहोत, गोकुळदासला वाटलं, आणि पिशवीतल्या आठ खुणा आठवून त्याला ते सुख आपल्या हक्काचं असल्यासारखंही वाटलं.

सिद्धीचं ऑफिस एका औषधांच्या दुकानाच्या वर होतं. अरुंद जिना, काचेचं दार, भिंतीवर कॅलेंडर आणि रुग्णाच्या तापाचा असतो तसा एक आलेख. मुलगी तिशीची, बोलायला साधी. तिने कागद घेतला, पहिलं पान वाचलं, उलटलं, दुसरं वाचलं, आणि परत पहिल्यावर आली.

"काका, तुम्ही आठही प्रश्नांना पहिलंच उत्तर दिलंय."

"व्हय. विचार करून."

"मग ह्याप्रमाणे फंड घ्यायलाच नकोत. सगळे बँकेच्या ठेवीत."

"तेंच म्हणतो मी. ठेवीत राहूं दे."

ती वाद घालील, असं त्याला वाटलं होतं. त्यासाठी तो वाक्यं तयार ठेवून आला होता. पण तिने फक्त विचारलं, "हे कोणाचं उत्तर आहे, काका? काकींना सोसणार नाही असं तुम्हाला वाटतं, की तुम्हाला सोसणार नाही?"

दोन्हींत फरक आहे हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

"पैसे काकींचे, खातं काकींच्या नावाने. उत्तरंही त्यांचीच हवीत." सिद्धीने खणातून एक कोरा कागद काढून देवकीपुढे ठेवला. "माझीच चूक. मी त्या दिवशीच इथे बसून भरून घ्यायला हवा होता."

देवकीने पर्समधून चष्मा काढला. एवढा कंटाळा येतो म्हणणारी बाई, पण आता ती रुग्णाचा तक्ता भरावा तशी भरत गेली : प्रश्नावरून नजर, खूण, पुढे. न थांबता. गोकुळदासला बघायचं नव्हतं, पण खुर्च्या चिकटून होत्या. तिसरा. तिसरा. दुसरा. तिसरा. सहाव्या प्रश्नाशी तिचं पेन पहिल्यांदा जरा अडलं — आता कळेल, त्याला वाटलं — आणि मग ते सरळ तिसऱ्या चौकोनात उतरलं. काहीच करणार नाही, थांबेन. आठव्याला तर तिने चौथ्यात खूण केली.

तिच्या हातातून पेन काढून घ्यावं असं त्याला वाटलं... आणि हे वाटणं ओळखीचं होतं, साबणाच्या पाण्यातलं.

"देवकी, जपून," तो हळू आवाजात म्हणाला. "एकदा झालां ना आपलां. परत कित्याक?"

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "काय झालां?"

"ट्रकाचां."

सिद्धी 'चहा सांगते' म्हणून उठली आणि जिना उतरून गेली. समजूतदार मुलगी. देवकीने पेनाला टोपण लावलं.

"दुसरो ट्रक घेवया म्हणून पयलां कोण बोललां?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? मीच."

"तुमी? तुमी तर एकावरच खूष होतात. मी ड्युटीवरून येताना रस्त्यावर उभी राहून ट्रक मोजायची. घरी येऊन तुमका सांगितलां, एकान काय होतलां? आठवना?"

त्याला आठवेना. मग थोडं आठवलं — दुपार, पांढरी साडी, ओट्यावर बसून पाय धुणारी देवकी, आणि ती काहीतरी बोलतेय, पण शब्द नाहीत. तेरा वर्षांत त्या चित्रातला आवाज कोणी पुसला? मीच की काय?

"आणि पाटल्या..." तो म्हणाला.

"पाटल्यांचां काय? मोडूक मी गेल्लंय. तुमी दुकानाच्या भायर उभे होतात, तोंड पाडून. आत या म्हटलां तरी आलात नाय."

"पण साबण लावून मी तुझ्या हातातून..."

"साबण? तो आरोग्य केंद्राच्या बेसिनवर. एकटीच होते मी. उजवी निघतच नव्हती, मग मीच ओढली." तिला हसू आलं. "तुमी कुठे होतात तिथे? तुमका मी हे सांगितलां असेन नंतर."

मग मी पाहिलेलं ते काय होतं? तिचा ओला हात, ते हाड, पाटली कातडीवरून सरकताना उठलेली तांबडी रेघ... एवढं सगळं मी बसवलं? बिनचूक, नक्षीसकट? की तिचीच आठवण चुकते आहे, मला सोडवायला म्हणून... पण देवकी तसलं काही करणाऱ्यांतली नव्हती. रुग्णाला दुखणार असेल तर ती आधी सांगायची, दुखणार आहे.

"माका व्हयो होतो तो ट्रक," देवकी म्हणाली, आणि हे ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तांबडो ट्रक, समोर गौरवीचां नाव लिवलेलो. दोन वर्षां धावलो मगे तो. तुमी सगळ्यांका सांगता बुडालां, बुडालां. गौरवी इंजिनिअर झाली ती खंयच्या पैशांनी? माझ्या पगारात झाली असती?"

त्याने हा हिशेब कधी ह्या बाजूने मांडलाच नव्हता. गेलेलं त्याला तोंडपाठ होतं. त्या दोन वर्षांत आलेलं, दर सत्राला कॉलेजात भरलेलं, ते कुठेच जमेला धरलेलं नव्हतं. फर्मागुढीच्या कॉलेजाबाहेर ट्रक उभा करून तो फी भरायला आत गेला होता. धुळीचे कपडे. खिडकीतल्या क्लार्कने नोटा झटकल्या होत्या. तेव्हा केवढा ताठ उभा होतो मी...

"तू एवढी वर्षां बोलली नाय," तो म्हणाला.

"काय बोलायचां? तुमी विचारलां कधी? माका वाटलां, तुमका माहीत आसा."

चहा आला. सिद्धी आली. तिने देवकीची उत्तरं वाचली आणि एका कोऱ्या पानावर तीन भाग पाडले. घराचं छप्पर, आजारपण, अशा दोन-तीन वर्षांत लागू शकणाऱ्या गोष्टींचे पैसे ठेवीतच राहतील, त्यांना हात लावायचा नाही. महिन्याला पेन्शन येतेच, म्हणून मधला भाग अशा फंडात, ज्यात थोडे शेअर आणि थोडे रोखे असतात. तो हलेल, पण बेताने. आणि तिसरा, लहान भाग निव्वळ शेअरच्या फंडात, सात-आठ वर्षं विसरून जायला. देवकी म्हणाली, तिसरा जरा वाढवूया. सिद्धी म्हणाली, "काकी, सोसायची तयारी एक आणि सोसायची ताकद दुसरी. दोन्हींतलं जे कमी, तेवढंच घ्यायचं. आणि हे पडणार. कधी, किती, मी सांगू शकत नाही. पडलं की माझ्या नावाने बोटं मोडू नका." देवकी मोकळेपणाने हसली. गोकुळदास त्या पानावरच्या तीन भागांकडे बघत राहिला. प्रत्येक भागाला सिद्धीने पेनाने घर काढलं होतं, आणि त्याचं सगळं आयुष्य एकाच घरात ठेवलेलं होतं इतकी वर्षं.

"घाई नाही," सिद्धी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या. दोघं बोला. खात्यावर काकांचं नाव दुसरं लावायचं असेल तर त्यांनाही नीट समजायला हवं, नाहीतर पहिल्याच घसरणीला ते काकींना झोपू द्यायचे नाहीत."

खाली उतरल्यावर देवकीने बाजारातून बांगडे घेतले, मासळीवालीशी दोन नगांवरून हुज्जत घातली, जिंकली. येताना स्कूटरवर गोकुळदासला राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हतं. कोणीतरी आपल्या घरातून न विचारता काही उचलून नेलं आहे, असं. तेरा वर्षं जपलेली वस्तू. रोज पुसायचो मी तिला. तिच्यामुळे मी हळू बोलायला शिकलो, सणाला नवा शर्ट नको म्हणायला शिकलो, कोणी चिडलं तर मान खाली घालायला. लोक म्हणायचे गोकुळदास बदलला. आता ही म्हणते पाटल्या तुम्ही काढल्याच नव्हत्या. मग हा इतका नम्र माणूस कोणासाठी केला मी?

जेवण झालं. बांगड्यांचं हुमण फार छान झालं होतं आणि त्याने दोनदा भात घेतला. रागातही भूक लागते याचं त्याला थोडं वाईट वाटलं, थोडं नाही. दुपारी तो कुळागरात गेला. पाटाच्या तोंडाशी अडकलेली झावळी त्याने ओढून काढली, आणि पाणी एका माडाच्या आळ्यातून दुसऱ्यात जाऊ लागलं, घाई नसलेलं. तो दगडावर बसला, पाय पाण्यात सोडून. पोफळींच्या वरच्या टोकांना ऊन होतं, खाली सावली. वर कुठेतरी एक शेंडा हलला, माकड असेल, किंवा वारा.

देवकी ट्रक मोजायची. पांढऱ्या साडीत, रस्त्याच्या कडेला, दिवसभराची बाळंतपणं उरकून. हे त्याच्या डोळ्यांपुढे आता आपोआप येत होतं, आणि ह्या चित्रात तो स्वतः कुठेच नव्हता. एक चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची बाई, पदराने नाक झाकलेलं, धुळीतून जाणाऱ्या ट्रकांकडे बघणारी, हावरेपणाने म्हणावं इतकं बघणारी. तिला एक तांबडा ट्रक हवा होता. तिच्याबरोबर एवढी वर्षं राहून मी तिला फक्त एक नुकसान झालेली बाई म्हणून ओळखत होतो. तिला हवंसं वाटत होतं, हे मला माहीतच नव्हतं. आणखी काय काय हवं होतं तिला? ते घड्याळ तिला सोप्यावर हवं होतं की स्वयंपाकघरात? हे फंडसुद्धा, हे सात-आठ वर्षं विसरून जायचे पैसे... ती ते विसरणार नाही. ती रोज बघणार. आज किती वर, आज किती खाली, आणि मजा घेणार. आणि मला भीती वाटणार, हेही खरं, ती काही आज सकाळी गेलेली नाही. पडेल तेव्हा मी काय करीन हे मला सांगता यायचं नाही. ते कागदावरही लिहिता यायचं नाही.

पण तिला विचारता येईल. आज नाही तर उद्या. इथे बसूनच, सुपारी सोलताना. आणखी काय हवं होतं, असं विचारलं तर ती आधी खुळा म्हणून हसेल, आणि मग... मग ती काय सांगेल याचा त्याला काहीच अंदाज येईना, आणि आपल्याच बायकोबद्दल असा अंदाज न येणं, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पाय गार पाण्यात असताना, त्याला फार आवडलं.